सातचा आकडा

केडगाव, ९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

नमस्कार करतो. फोन सोडून याने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, मग ओरडून सांगावं लागतं. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या गल्लीत भिंतीपलीकडं कुणी शिंकलं तरी माणसं चौकशीला येतात. वाचून झालं की पत्र तुझ्या पेटीत ठेव. तुझ्या अजिनाथलासुद्धा दाखवू नको.

गेल्या महिन्यात शाळेच्या बसला अपघात झाला तो ब्रेकमुळं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. ब्रेक चांगले होते. मला झोप लागली होती.

दुपारची साडेतीनची वेळ. शेवटचं पोर उतरवून रिकामी गाडी घेऊन परत येत होतो. रस्ता मोकळा, ऊन लागलेलं. मला आठवतं ते एवढंच, की वळणावरचा पिवळा फलक दिसला. त्यानंतर दिसलं ते काचेला चिकटलेलं उसाचं चिपाड. गाडी रस्ता सोडून रसवंतीत घुसली होती. गिऱ्हाइकांचं बाकडं बंपरखाली मोडून पडलेलं. रसवाला लिंबं आणायला पलीकडं गेला होता म्हणून वाचला.

अक्का, अर्धा तास आधी त्याच गाडीत एकोणचाळीस पोरं होती.

फक्त शाळेच्या मोठ्या मॅडमना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रामहरी, अठरा वर्षं तुमच्या भरवशावर आम्ही पोरं पाठवतोय. तपासणी करा. डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही." आता मला गेटवर बसवलंय. माझी गाडी दुसरा ड्रायव्हर, छगन, चालवतो. सकाळी मी गेट उघडतो, तो गाडी आत घेतो. पोरं खिडकीतून ओरडतात, "काका, तुम्ही का नाही?"

तपासणी झाली. एक रात्र दवाखान्यात अंगाला वायरी लावून झोपवलं. घोरणं हा माझा आजार निघाला. म्हणजे झोपेत घसा आतून मिटतो आणि श्वास अडतो. तासाला अडतीस वेळा. त्यामुळं रात्रभर झोपलो तरी झोप अशी होतच नाही, आणि ती दिवसा येऊन गाठते. आता एक मशीन घ्यायला सांगितलंय. रात्री नाकातोंडावर मास्क बांधायचा, मशीन हवेचा दाब देतं, त्यानं घसा उघडा राहतो म्हणे.

सविता ठीक आहे. शिवणाचं काम चालू आहे.

तुझा,
रामहरी


जामखेड, २० फेब्रुवारी

रामहरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आपले वडील, दादा, घोरायचे तेव्हा आई आम्हाला गप्प बसवायची, म्हणायची, दमलेत, गाढ झोपलेत. मीसुद्धा तेच समजत आले. दादा चौपन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. लोक म्हणाले, काय भाग्याचं मरण. तुझं पत्र वाचल्यापासून ते भाग्य होतं का, हा विचार डोक्यातून जात नाही.

तू बावन्न वर्षांचा आहेस. मशीन आण आणि नेमानं वापर.

दुसरं असं. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच. अजिनाथची पोर दिशा आता पाचवीत जाईल. दिवाळीनंतर अजिनाथ आणि सूनबाई ऊसतोडीला जाणार, आणि माझे गुडघे असे, तिला रोज हायवे ओलांडून कोण पोचवणार? जूनपासून तुमच्याकडं ठेवावं म्हणते. तुझ्याच शाळेत जाईल. सविताला विचारून कळव.

रंगुबाई


केडगाव, १६ मार्च

अक्का,

दिशाला खुशाल पाठव. सविता तर आत्तापासून तिच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करतेय.

मशीन आलं. डब्यासारखं छोटं आहे, आवाजही फार नाही. बसवणारा माणूस आला, पट्टे माझ्या डोक्याला आवळून गेला. म्हणाला, दाब सहापासून सोळापर्यंत ठेवलाय, तुम्हाला लागेल तेवढा मशीनच ठरवेल.

तुला कसं सांगू? पहिली दहा मिनिटं बरं वाटतं. मग डोळा लागतो न लागतो तोच ते जोर धरायला लागतं. तोंडावर उशी दाबून कुणीतरी वरून टायरात भरावी तशी हवा मारतंय असं होतं. श्वास आत घ्यायचा म्हणावा तर तो आपोआप घुसतो, बाहेर सोडायचा तर सोडू देत नाही. मास्कच्या कडेनं वारं सुटून डोळ्यांत जातं. पोट नगाऱ्यासारखं फुगतं. मी धडपडून उठतो, पट्टा सुटत नाही, अंधारात सापडत नाही. एकदा तर ओढून काढताना कानाची पाळी फाटली. दिवसा मास्क नुसता टेबलावर दिसला तरी छातीत धडधडतं.

पन्नास मिनिटं, फार तर तास. यापुढं माझ्यानं होत नाही.

आणि लपवताही येत नाही. मशीनमध्ये कार्ड असतं. किती तास लावलं, किती दाब लागला, श्वास किती वेळा अडला, सगळं त्यावर लिहून येतं. काल डॉक्टरांनी ते बघितलं. बाहेर पस्तीस माणसं बसलेली. ते म्हणाले, "रोज कमीत कमी चार तास झाले पाहिजेत. पोरांची गाडी चालवायची आहे ना? असं असेल तर मी पत्र देणार नाही." मी पोटाचं, डोळ्यांचं सांगणार होतो, पण त्यांनी पुढच्याला आत बोलावलं होतं.

गेटवर बसायचं तर कोंडून घातल्यागत होतं. रात्री मास्क, दिवसा गेट.

रामहरी


जामखेड, २८ मार्च

रामहरी,

बाहेर पस्तीस माणसं होती म्हणून तू न बोलता उठलास? त्यांना तुझं पोट फुगलेलं दिसणार नाही, तू सांगितल्याशिवाय. पुढच्या वेळी कागदावर लिहून ने आणि कागदच हातात दे.

आणि एक कर. दुपारी घरी असशील तेव्हा मशीन बंद ठेवून नुसता मास्क तोंडावर धर. पट्टा बांधू नको, हातानंच धर. पाच मिनिटं, मग दहा. मी अंगणवाडीत कामाला होते तेव्हा नवीन पोरं दारातच रडायची, त्यांना मी आधी उंबऱ्यावर बसवून ठेवायचे, आत ओढायचे नाही. तसं.

दिशा विचारते, आजोबांच्या गाडीत पुढची जागा मिळेल का. मी हो म्हणून बसले आहे.

रंगुबाई


केडगाव, २७ एप्रिल

अक्का,

सगळं ठीक आहे. काळजी करू नको. मशीन आता रोज सहा-सहा तास चालतं. डॉक्टर खूश झाले. कार्ड बघून म्हणाले, तुम्हाला फार कमी दाब पुरतो, उगाच सोळापर्यंत कशाला. आता सातवर कायम करून दिलंय. मेचं कार्ड असंच आलं की जूनमध्ये पत्र देतो म्हणाले. १६ जूनला शाळा भरेल तेव्हा गाडी माझ्याकडं येईल.

इकडं ऊन फार आहे.

रामहरी


जामखेड, ६ मे

रामहरी,

देवासमोर साखर ठेवली. दिशाचा दाखला काढला, अर्ज भरला. खरं सांगू, सूनबाईंचं मन होत नव्हतं, एवढी लहान पोर शहरात कशी राहील म्हणून. मीच सांगितलं, गाडी तिचे आजोबा चालवणार आहेत, दारातून दारात. तेव्हा त्या तयार झाल्या.

तुझं पत्र मात्र फारच छोटं आलं. आधीची दोन पत्रं पान-पानभर होती. पोट फुगायचं थांबलं का? तो कागद नेला होतास का? काही लिहिलं नाहीस. पण आनंदात माणसाला लिहायला सुचत नाही, हेही खरं. सविताला आशीर्वाद सांग.

रंगुबाई


केडगाव, १८ मे

वन्सं,

सविता नमस्कार करते. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. चुकलं तर समजून घ्या. हे पत्र ह्यांना माहीत नाही.

मार्चमध्ये डॉक्टर ह्यांना बोलले त्यानंतर पंधरा दिवस हे कुणाशी धड बोलले नाहीत. मग एक दिवस संध्याकाळी मला म्हणाले, "सविता, आजपासून मास्क तू लाव."

मी म्हटलं, "मी? मला काय झालंय?"

"तुला काही न्हाई झालं. मशीनला काय कळतंय नाक कुणाचं हाय ते. तास भरले म्हंजे झालं."

मला आधी हसूच आलं. मग ह्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू गेलं. अठरा वर्षं गाडी चालवलेला माणूस तीन महिने स्टुलावर बसलाय. मी लावला. सव्वीस रात्री लावला.

मला त्यात झोप यायची नाही. मी मास्क लावून पडून राहायची, आणि शेजारी हे बिनमास्कचे घोरायचे. घोरता घोरता एकदम बंद. मी मोजायची. दहा, पंधरा, वीस. विसाला कोपरानं ढोसायची, की मोठा आचका देऊन श्वास यायचा. वन्सं, ज्याला हवा पाहिजे तो गुदमरतोय आणि मी हवा घेत पडलेय, असं सव्वीस रात्री. मागच्या आठवड्यात शिलाई मशीनवरच माझा डोळा लागला आणि सुई बोटातून आरपार गेली. ह्यांना सांगितलं की हात घसरला.

आता खरी गोष्ट लिहिते. डॉक्टरांनी सातचा आकडा त्या कार्डावरून ठरवला. ते सात माझ्या श्वासाचं हाय, ह्यांच्या न्हाई. सातवर सोसवेल असं वाटून एक मेपासून हे स्वतः लावतात, अगदी मनापासून लावतात. पण सातनं ह्यांचा घसा उघडत न्हाई. मास्क बांधलेला आणि आत श्वास बंद, असं होतं. उठून बसतात, घामानं भिजलेले. म्हणतात, मशीनच भंगार आहे. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगू. तर म्हणाले, "सांगितलं की पत्र गेलं. गप बस."

शाळेला सुट्टी असली तरी हे गेटवर असतात. दुपारी डबा द्यायला गेले तर बसल्या बसल्या मान खाली. मी उठवलं. सोळा जूनला हाच माणूस गाडी घेणार.

मी कुणाला सांगू? शाळेत सांगितलं तर नोकरी जाईल. तुम्ही मोठ्या आहात. माझं नाव घेऊ नका.

सविता


जामखेड, २५ मे

रामहरी,

मास्क कुणी लावला ते मला कळलं. कसं कळलं ते विचारू नको आणि घरात कुणावर ओरडू नको.

मी शाळेला लिहिणार नाही. डॉक्टरांनाही नाही. मी तुझी बहीण आहे, तुझ्यावर पहारा करायला मला यायचं नाही.

दिशाची पिशवी भरून झाली आहे. दोन गणवेश, एक स्वेटर, पाटीएवढा आरसा, तो तिला हवाच आहे. तिला पाठवायचं की नाही ते मी ठरवत नाही, तू ठरव. मला एक ओळ लिही, 'दिशाला पाठव, माझ्या गाडीत बसव.' तेवढं लिहिलंस की मी काही न विचारता तिला एसटीत बसवते.

रंगुबाई


केडगाव, २ जून

अक्का,

कुणी कळवलं ते मला ठाऊक आहे. तिला मी काही बोललो नाही.

तू जामखेडात बसून लिहितेस. एकदा तोंडाला पट्टा बांधून बघ. सोळावर फुटायला होतं, सातवर मरायला होतं, आणि मधे कुठं जगायला होतं ते कुणी सांगत नाही. सांगितलं तर जन्मभर गेट. नाही सांगितलं तर तू काय म्हणणार ते मला माहीत आहे. कुठूनही दार उघडत नाही. त्यात तूही एक पट्टा आवळतेस.

अठरा वर्षांत एका पोराला खरचटलं नाही. अपघात झाला तेव्हा गाडी रिकामी होती. मी दोन फेऱ्यांच्या मधे चहा घेईन, खिडकी उघडी ठेवीन, तोंडावर पाणी मारीन. इतकी माणसं घोरतात आणि गाड्या चालवतात.

दिशाचं कपाट तयार आहे. पावसाच्या आत येऊ दे. बाकी काय लिहू.

रामहरी


जामखेड, ७ जून

रामहरी,

पत्र मिळालं. दोनदा शोधलं. ती ओळ त्यात नाही.

रंगुबाई


केडगाव, २ जुलै

अक्का,

दिशाला पाठव, असं मी अजिनाथला फोनवर सांगितलं, आणि गाडी छगन चालवणार हेही सांगितलं. त्यावरून तुला अंदाज आला असेल. पण काय झालं ते तुला माझ्याच हातून कळायला हवं, म्हणून लिहितो.

तुझं दोन ओळींचं पत्र आलं त्या दिवशी मी ती ओळ लिहून बघितली. खरंच. वहीचा कागद घेतला, 'दिशाला पाठव' इथपर्यंत लिहिलं. पुढं 'माझ्या गाडीत' लिहायला पेन टेकवला आणि हात चालेना. कागद फाडला. परत घेतला, परत तेच. सविता समोर काज करत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

१२ जूनला दोघं दवाखान्यात गेलो. मेचं कार्ड बघायचं बाकी होतं, पण डॉक्टरांनी पत्र लिहूनच ठेवलं होतं, खाली सहीसुद्धा. माझ्याकडं सरकवलं. मी हात लावला नाही. म्हटलं, "साहेब, हे हिला द्या."

"म्हणजे?"

"एप्रिलमध्ये मशीन हिनं लावलंय. मी न्हाई लावलं."

ते सविताकडं वळले. "किती दिवस?"

"सव्वीस रात्री," सविता म्हणाली.

"म्हणजे तुमचा दाब मी तुमच्या बायकोच्या श्वासावरून ठरवला!" त्यांनी पत्राचे चार तुकडे केले. आवाज इतका चढला की बाहेरची कुजबुज थांबली. "आणि तुम्ही हे घेऊन पोरांची गाडी चालवणार होतात?" मी मान खाली घातली. मग ते आवाज उतरवून म्हणाले, "अडतीस वेळा श्वास अडणाऱ्याला सात पुरतं कसं, हे मलाही विचारायला हवं होतं. आता सांगा, मार्चमध्ये पहिल्या आठवड्यात नेमकं काय होत होतं?"

हे त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. आता पोटाचं सांगितलं, डोळ्यांत वारं जातं ते सांगितलं, कानाची पाळी दाखवली. त्यांनी मशीन मागवलं, मास्क माझ्या तोंडाला लावून बघितला. म्हणाले, हा तुम्हाला मोठा आहे. कडेनं हवा गळत होती, आणि गळेल तसं मशीन आणखी जोर लावत होतं.

मग परत एक रात्र तिथंच झोपवलं, लहान मास्क लावून. संस्कृती नावाची एक मुलगी रात्रभर बाहेर पडद्यासमोर बसून दाब थोडा थोडा वाढवत होती. सकाळी तिनं कागद दाखवला. "काका, सातवर श्वास अडतच होता. नऊवर घोरत होता. अकराला बरं होतं, पण उताणे झालात की परत अडायचा. बारावर अगदी शांत." म्हणजे माझा आकडा बारा. एवढ्यासाठी चार महिने गेले.

मोठ्या मॅडमना सोळा तारखेच्या आत सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तीन महिन्यांचं कार्ड, तुमचं स्वतःचं. मग बघू." छगनला त्यांनी माझ्या गाडीवर कायम केलंय. सप्टेंबरमध्ये पत्र मिळालं तरी गाडी मिळेल असं काही नाही. सविता गेटबाहेर थांबली होती. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

बारावर सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नको. अजून कोंडल्यासारखं होतं. डॉक्टरांनी असं करून दिलंय की सुरुवातीला दाब कमी राहतो आणि मी झोपल्यावर हळूहळू चढतो. तरी पहिल्या रात्री दोन तासांत काढून फेकला. दुसऱ्या रात्री तीन. तुझं ते नुसतं हातानं धरायचं मी मार्चमध्ये ऐकलं नव्हतं, आता रोज संध्याकाळी करतो. दिशा घड्याळ लावून समोर बसते.

परवा सहा तास दहा मिनिटं झाली. जागा झालो तर खिडकीतून उजेड आलेला आणि सविता उशाशी बसून माझ्या छातीवर हात ठेवून होती. मला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे. मास्क काढून विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही न्हाई. रात्रभर आवाजच आला न्हाई तुमचा. मी आपली बघत बसले, छाती हलती का." दिवसभर मग तीच पेंगत होती. मी म्हटलं, आता तुझी पाळी, झोप, चहा मी करतो.

दिशा रमली आहे. छगनच्या गाडीत पुढच्या जागेवर बसते. सकाळी मी गेट उघडतो तेव्हा ती मुद्दाम दुसरीकडं बघते, मैत्रिणींना कळू नये म्हणून की गेटवरचे तिचे आजोबा आहेत. मला थोडं लागलं. पण ती गाडीतून उतरून धड वर्गात जाते, तेवढं मी बघून घेतो.

हे पत्र शाळेच्या गेटवर स्टुलावर बसून लिहितोय. दुपारचे साडेतीन वाजले आहेत. पोटभर जेवण झालंय, पाऊस नाही, ऊन अंगावर आलंय, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अक्का, तीन पानं भरली, आणि मी जागा आहे.

रामहरी